हसणाऱ्याचा पूर्वग्रह

एखाद्या प्रदेशाविषयी रूढ झालेली प्रतिमा त्या प्रदेशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ती बाळगणाऱ्या मनाची साक्ष देत असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांची अशी एक प्रतिमा उत्तरेकडील सुशिक्षितांच्या मनात फार दिवसांपासून ठसली आहे. धर्मभोळा, अडाणी, संतापी आणि वर्णद्वेष्टा असा तो दक्षिणी माणूस. ही प्रतिमा सर्वस्वी खोटी आहे असे म्हणता येत नाही. गुलामगिरीचा आणि तिच्यामागून आलेल्या वर्णभेदाच्या कायद्यांचा इतिहास कोणालाही पुसून टाकता येणार नाही. परंतु अर्धसत्य असलेल्या अशा प्रतिमेचे साहित्याने काय करावे, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

या प्रतिमेला देशव्यापी प्रसिद्धी मिळाली ती १९२५ च्या जुलै महिन्यात. टेनेसी राज्यातील डेटन या लहानशा गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर, कायद्याने बंदी असताना मानवाची उत्क्रांती शिकविल्याबद्दल खटला चालला. फिर्यादीच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन आणि बचावासाठी क्लॅरन्स डॅरो उभे राहिले. दक्षिणेला संस्कृतीचे वाळवंट ठरविणाऱ्या एच. एल. मेंकेनने आपल्या वृत्तान्तांतून गावकऱ्यांची यथेच्छ टवाळी केली. ‘बायबलपट्टा’ हे नावही त्याच्याच लेखणीने रूढ केले. पुढे याच खटल्यावर आधारलेले लॉरेन्स आणि ली यांचे ‘इनहेरिट द विंड’ हे नाटक १९५५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गाजले.

हे नाटक म्हणजे इतिहास नाही, असे नाटककारांनी आरंभीच सांगितले आहे. मॅकार्थीच्या काळातील वैचारिक दडपशाहीवर बोट ठेवण्याचा त्यांचा हेतूही आदरणीय आहे. तथापि वास्तवाला मुरड घालताना त्यांनी कोणती दिशा निवडली, हे पाहण्यासारखे आहे. नाटकातील शिक्षक तुरुंगात आहे; स्कोप्सला तुरुंगवास घडलाच नाही. गावाचे नाव सर्वत्र व्हावे म्हणून डेटनच्याच काही नागरिकांनी खटल्यात पुढाकार घेतला होता आणि स्कोप्स त्याला राजी झाला होता. श्रद्धेच्या जोडीला असलेला हा व्यावहारिक हिशेब नाटकात गळून पडला आणि उरला तो बव्हंशी भाबडा, प्रसंगी क्रूर जमाव. त्या जमावात आपण नाही, या समाधानात प्रेक्षक घरी जातो. नाटकाची नाट्यमयता निर्विवाद आहे, पण प्रेक्षकाच्या पूर्वग्रहाला ते धक्का देत नाही.

खटल्याच्याच वर्षी जॉर्जियातील सव्हाना येथे जन्मलेल्या फ्लॅनरी ओ’कॉनरची वाट निराळी आहे. प्रॉटेस्टंटबहुल प्रदेशात ती कॅथलिक होती. अध्यक्षपदाच्या १९२८ च्या निवडणुकीत कॅथलिक अल स्मिथच्या पराभवाला धार्मिक पूर्वग्रहाचाही हातभार लागला होता. १९६० सालीदेखील केनेडींना ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर आपल्या निष्ठेचा खुलासा करावा लागला. अशा समाजात वाढलेल्या लेखिकेने शेजाऱ्यांच्या कडव्या श्रद्धेचा उपहास केला असता, तर ते नवल नव्हते. तिने ती श्रद्धा गंभीरपणे घेतली आणि उपहासाचा रोख उपहास करणाऱ्याकडे वळविला.

‘गुड कंट्री पीपल’ या कथेतील हल्गा तत्त्वज्ञानाची डॉक्टर आहे. बायबल विकत फिरणारा खेडवळ तरुण भोळा असणारच, हे तिने गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तो तिच्याहून पक्का नास्तिक निघतो आणि तिचा लाकडी पाय घेऊन पसार होतो. विदुषीची फसगत तरुणाच्या चातुर्यापेक्षा तिच्या स्वतःच्या गृहीतामुळे होते. वाचकाचेही गृहीत तेच असल्याने तोही तिच्याबरोबर फसतो. ‘द डिस्प्लेस्ड पर्सन’ मध्ये पोलंडहून आलेला कॅथलिक निर्वासित गिझॅक शेतावर राबतो. त्याचा धर्म परका, भाषा परकी, आणि गोऱ्याकाळ्यांतील सीमारेषा त्याला ठाऊक नाही. ट्रॅक्टर त्याच्या अंगावर घरंगळत येतो, तेव्हा त्याला कोणी हाक मारीत नाही. येथे क्रौर्य आरडाओरडा करीत नाही. ते गप्प उभे राहते. नाटकातील जमावापेक्षा हे मौन अधिक खरे वाटते, कारण त्यात सामील होणे कोणालाही शक्य आहे.

या दृष्टीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ओ’कॉनरच्या कथांत गोऱ्या माणसाचे मन आतून दिसते. काळी माणसे मात्र बहुधा बाहेरूनच दिसतात. १९५९ साली जेम्स बाल्डविनला जॉर्जियात भेटण्यास तिने नकार दिला, आणि तिच्या पत्रांतील वर्णद्वेषी उद्गार उजेडात आल्यावर २०२० साली मेरीलँडमधील लॉयोला विद्यापीठाने वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून टाकले. तेव्हा जिने इतरांचे पूर्वग्रह इतक्या निर्दयपणे उघडे केले, ती स्वतःही त्यांतून मुक्त नव्हती. यामुळे कथांचे सत्य उणे होत नाही. पण त्या सत्याला लेखिकेचा अपवाद करता येत नाही, एवढे निश्चित होते.

‘रेव्हलेशन’ या कथेतील श्रीमती टर्पिन माणसांची प्रतवारी लावीत असते आणि अखेरच्या दृष्टान्तात तिला आपली जागा मिरवणुकीच्या शेवटी दिसते. प्रादेशिक प्रतिमा ही अशीच एक प्रतवारी होय. त्या प्रदेशाची स्तुती करून ती मोडत नाही. प्रतवारी लावणाऱ्याला त्याच रांगेत उभे केले म्हणजेच ती मोडते. या कसोटीवर ‘इनहेरिट द विंड’ प्रेक्षकाला रांगेबाहेर ठेवते, आणि ओ’कॉनरची कथा त्याला, आणि तिच्या निर्मातीलाही, रांगेत आणून उभे करते.