बोधचित्रांची भाषा

आपल्याकडील समीक्षेने कविता, कथा, नाटक आणि कादंबरी यांची जेवढी चिकित्सा केली, तेवढी शिक्षणासाठी काढलेल्या चित्रांची केलेली नाही. वास्तविक, मराठी मुलाच्या हाती पडणारे पहिले वाङ्मय अर्धे अक्षरांचे आणि अर्धे चित्रांचे असते. गेल्या दोन दशकांत या चित्रांना एक नवा कर्ता लाभला आहे. तो म्हणजे विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी. संगणकाच्या साह्याने तो पाठ्यविषयांवर चित्रे रेखाटतो आणि त्यांना गतीही देतो. ज्याला आज सर्रास ‘ॲनिमेशन’ म्हणतात ते हलते चित्र आता शाळेच्या भिंतीवर उमटू लागले आहे. या निर्मितीचे कौतुक होते ते बहुधा तिच्या सफाईसाठी. तिच्या अर्थाची तपासणी मात्र होत नाही. याच्या मुळाशी चित्राला भाषा नसते, ते सर्वांना सारखेच कळते, ही समजूत आहे. ती कितपत खरी आहे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

युरोपात कोमेनियसने १६५८ साली ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे मुलांसाठी सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील चित्रांच्या भागांवर आकडे घातलेले असून शेजारी त्याच आकड्यांनी लॅटिन व जर्मन शब्द दिले आहेत. म्हणजे बोधचित्रांच्या या आद्य आचार्याने चित्राला एकटे सोडले नाही. त्याला शब्दांच्या हाती दिले, आणि तेही दोन भाषांतील शब्दांच्या. ही गोष्ट दोन भाषांच्या सीमेवर शिकविणाऱ्यांनी विसरण्यासारखी नाही.

गतीचा विचार करताना दादासाहेब फाळके यांचे स्मरण होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा हा माजी विद्यार्थी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’कडे वळण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने थोडी थोडी टिपत होता. अनेक दिवसांची वाढ त्याने काही क्षणांत डोळ्यांपुढे उभी केली. उघड्या डोळ्यांना काळाचा जो व्यापार दिसत नाही तो दाखविणे, हाच हलत्या चित्राचा खरा अधिकार होय. १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा छोटा बोधपट केला व भीमसेन यांनी त्याची चित्रे हलती केली. त्यातही पक्षी जाळ्यासह उडून जातात तो क्षण केवळ शोभेचा नाही. एकी हे नाम तेथे क्रियापद होते. गती येथे अर्थाची वाहक आहे. जेथे ती नुसती चमक असते, तेथे मुलाचे लक्ष वेधले जाते, पण त्याच्या पदरी काही पडत नाही.

विद्यार्थ्यांच्या हातून असे काम शिस्तीने करून घेण्याचा एक लक्षणीय प्रयत्न मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. ‘ऑस्कर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रकल्पात विज्ञान व अभियांत्रिकीतील संकल्पनांवर हलती चित्रे तयार करून ती सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली. विद्यार्थी रचना करीत आणि विषयाचे जाणकार अध्यापक मार्गदर्शन करीत. हेतू कोणता, कोणत्या संज्ञांचा अर्थ आधी द्यावयाचा, पडद्यावर काय कोठे असावे, प्रत्येक पायरीला काय हलावे व निवेदनात काय यावे, शेवटी कोणते प्रश्न विचारावेत, हे सारे चित्रापूर्वी कागदावर लिहून काढण्याची पद्धत तेथे होती. येथे विद्यार्थी चित्रकार होण्यापूर्वी लेखक होतो, ही गोष्ट फार मोलाची आहे. परंतु ते लेखन इंग्रजीतले होते. विचार इंग्रजीत मांडून, चित्र पुरे झाल्यावर त्याला मराठी शब्द चिकटविले तर काय होते, हा पुढचा प्रश्न आहे.

जलचक्राचे चित्र घेऊ. समुद्रातून वर जाणाऱ्या नागमोडी रेषा काढलेल्या असतात आणि त्यांच्याजवळ ‘वाफ’ असे लिहिलेले असते. मराठी मुलाची वाफ भाताच्या पातेल्यातून निघते. ती पांढरी दिसते आणि हाताला चटका देते. साहजिकच हे चित्र त्याला सांगते की समुद्र उकळत आहे. पाण्याचे बाष्प डोळ्यांना दिसत नाही, हे शास्त्रीय सत्य त्या रेषांनीच झाकले जाते. शेजारच्या कन्नड वर्गात गेले तरी स्थिती बदलत नाही, कारण तेथील मुलाची ‘आवी’ही चुलीवरच्याच भांड्यातून निघते. याउलट दोरीवरचे धोतर ‘वाळते’, उन्हाळ्यात विहीर ‘आटते’, हे शब्द आणि त्यांमागचा अनुभव मुलाजवळ तयार आहे. चित्रकाराने शब्दापासून आरंभ केला असता, तर त्याने नागमोडी रेषांऐवजी हळूहळू फिके पडत जाणारे ओले फडके हलते करून दाखविले असते, आणि ‘बाष्पीभवन’ हा जड शब्द ‘वाळणे’ व ‘आटणे’ यांच्या खांद्यावर बसून सहज आत आला असता. यावरून दिसते की चित्रातील दोष हातातला नसून भाषेतला आहे. जे चित्र शब्दाबरोबर खोटे बोलते, त्याला निर्भाष कसे म्हणावे?

दुसरे उदाहरण भूगोलाचे. जलचक्राच्या प्रचलित चित्रात बर्फाच्छादित शिखर व सूचिपर्णी वृक्ष दिसतात. बर्फाचा डोंगर आपल्या मुलाने पाहूच नये, असे कोणी म्हणणार नाही. पण पहिले उदाहरण घरचे असावे. बेळगाव जिल्ह्यात यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीला अडतात, खानापूर तालुक्यात कणकुंबीला धो धो कोसळतात आणि पूर्वेस अथणीकडे पोचेतो बव्हंशी रिते होतात. याच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते आणि कूडलसंगमला कृष्णेस मिळते. त्याच तालुक्यातील भीमगडच्या रानात उगम पावून म्हादई मात्र पश्चिमेस गोव्याकडे उतरते. एका तालुक्याचे पाणी दोन समुद्रांकडे जाते! हे स्थिर चित्रात मावणे कठीण आहे. ढगाचे रिते होत जाणे आणि थेंबाचे जलविभाजकावर या वा त्या अंगास कलणे, यांसाठीच गती हवी. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ १९९८ पासून आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून बेळगावात आहे. तेथील विद्यार्थ्यांना यापेक्षा सुंदर विषय कोणता मिळणार?

सीमाभागात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, याचे कारण व्यवस्थेत आहे. कर्नाटकात शालेय पुस्तके मराठीसह सात माध्यमांतून निघतात. भाषेतर विषयांचा मजकूर भाषांतरित होतो. चित्र तेच राहते. ही काटकसर समजण्यासारखी आहे, पण चित्राला भाषा नसते या समजुतीला तिने जणू शासकीय मान्यताच दिली आहे. निपाणीचे उदाहरण पाहा. तंबाखूने वाढलेल्या या पेठेत कित्येक मुलांच्या घरी आई विड्या वळते. तंबाखूचे दुष्परिणाम सांगणाऱ्या चित्रात बहुधा सिगारेट असते. फार तर शहरी वेशातील एक पुरुष असतो. टेंभुर्णीचे पान, सुपातला जर्दा, दिवसभर तो हाताळणारी स्त्री यांना त्या चित्रात जागा नसते. मुलाने त्यातून काय घ्यावे? धोका दुसऱ्या कोणाला तरी आहे, हेच. आरोग्याचा पाठ पाठ झाला, पण तो ज्या घरासाठी होता तेथे पोचला नाही. चित्रकाराने काय गाळले, हे येथे त्याने काय काढले याहून अधिक महत्त्वाचे ठरते. आणि गाळलेल्या गोष्टींचा शोध घेणे हे तर समीक्षेचे जुने काम आहे.

तांत्रिक अडचणींचीही नोंद घेतली पाहिजे. चित्रे हलविण्याच्या पूर्वीच्या साधनांत देवनागरीची जोडाक्षरे फुटत, वेलांट्या भलतीकडे जात. म्हणून पुष्कळदा रोमन अक्षरांवरच भागविले जाई. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकाराने मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले आणि संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक घडविला, त्यामागील तळमळ या संदर्भात ध्यानी येते. आज ती सबब उरलेली नाही. मात्र दुसरा धडा ताजा आहे. ज्या ‘फ्लॅश’ या साधनावर शिक्षणविषयक असंख्य हलती चित्रे आधारलेली होती, त्याचा आधार २०२० च्या डिसेंबरअखेर काढून घेण्यात आला आणि पुष्कळ श्रम एका रात्रीत मुके झाले. कोमेनियसचे पुस्तक मात्र साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही उघडते. चित्रामागची लिखित संहिता जपली असेल, तर नव्या साधनात ते पुन्हा काढता येते. संहिताच नसेल, तर काही उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक भागासाठी वेगळे चित्र काढणे परवडणार नाही. आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची हलती चित्रे अनेक भाषांत, मराठीतही, अनुवादित होऊन वापरली जातात आणि त्यांचा उपयोग नाकारता येत नाही. झोका, विद्युत्‌मंडल, अणू यांची चित्रे सर्वत्र चालतात. परंतु जेथे पाऊस, पीक, घर, शरीर आणि श्रम यांचा संबंध येतो, तेथे चित्र गावाचे नाव विचारते. हा विवेक करणे हेच कर्त्याच्या शिक्षणाचे सार आहे.

बेळगावच्या भूमीला चित्रांचे वावडे नाही. के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरात घडलेल्या रवी परांजपे यांनी पुढे बोधचित्रकार म्हणून मोठी कीर्ती मिळविली. तेथील शिक्षणाचा पाया समोरच्या वस्तूकडे नीट पाहण्याचा होता. आजच्या विद्यार्थ्याला यंत्राने हाताचे कष्ट पुष्कळ वाचविले आहेत; पाहण्याचे कष्ट वाचविलेले नाहीत. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याने बोधचित्र हाती घेण्यापूर्वी त्याची संहिता मराठीत, आणि सीमाभागात शक्य तर मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत, लिहावी. ती भाषेच्या अध्यापकाने वाचावी. आणि चित्र पुरे होण्याआधी ज्या मुलासाठी ते आहे त्याला ‘यात तुला काय दिसते?’ असे विचारावे. साहित्यसंस्थांनीही आपल्या परीक्षणाच्या पानांत कवितासंग्रहाशेजारी अशा चित्रांना जागा द्यावी. ज्या चित्रावर मुलाचे पहिले ज्ञान उभे राहते, त्याचे परीक्षण कोणीच करू नये, ही स्थिती मराठी समीक्षेला शोभणारी नाही.