मेंदूची उपमा

मेंदूचे कार्य समजावून देताना आमचे पुष्कळ मराठी लेखक तारा, बटणे व टेलिफोन एक्स्चेंज यांचा आश्रय घेतात. उपमा सोपी खरी, पण आमच्या मते घातक. तार तुटली की काम संपले, एवढेच वाचकाच्या मनावर ठसते. मग अर्धांगवायू झालेल्या आजोबांचा हात उशीवर ठेवून घरची मंडळी स्वस्थ बसतात.

वस्तुस्थिती निराळी आहे. चेतापेशी एकमेकींपासून विलग असतात, हे स्पेनच्या काहालने 1888 पासून दाखविले. (विरुद्ध मताच्या गॉल्जीबरोबरच त्यास 1906 चे नोबेल पारितोषिक वाटून घ्यावे लागले, हा योग मौजेचाच!) पेशीपेशींतील फट बहुधा रसायने ओलांडतात. बालपणी हे जोड भरमसाट वाढतात. वापरातले दृढ होतात, बाकीचे गळतात. प्रौढपणीही बदल थांबत नाही. मेलेली पेशी बहुधा परत येत नाही. परंतु उरलेल्या पेशी नवे जोड धरू शकतात, आणि त्यास सराव लागतो.

आम्ही श्रीरामपूरकर, आम्हांस प्रवरेच्या कालव्याची उपमा सुचते. पाणी मिळते ती चारी वाहती राहते, न मिळे ती गाळाने बुजते. एक फुटली तर शेजारच्या चारीतून पाणी वळविता येते. फटीपाशी मात्र ही उपमाही अडते. त्यापेक्षा पाठ्यपुस्तकांतला ‘वृक्षिका’ हा शब्द पाहावा. त्यात फांद्या आहेत, पालवी आहे, छाटणीही आहे. असा शब्द हाताशी असता लेखकांस तारेचाच हव्यास का, हे आम्हांस उमगत नाही.