‘इथे’ म्हणजे कुठे?

आई तीन महिन्यांच्या व्हिसावर डब्लिनला आली होती तेव्हाची गोष्ट. मंडळाच्या दिवाळीची नोंदणी तिनेच करायची असं ठरलं, कारण फराळाला काय काय आहे हे बघण्यात तिलाच जास्त रस. मी स्वयंपाकघरात, ती सोफ्यावर फोन घेऊन. दहा मिनिटांनी हाक आली, “अगं, नोंदणीसाठी इथे क्लिक करा म्हणतायत. इथे म्हणजे कुठे?”

जाऊन बघितलं. राखाडी अक्षरांतला एक परिच्छेद, त्यात ‘इथे’ हा एकच शब्द केशरी. खाली रेघ नाही, बाजूला बटण नाही. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. तो शब्द तिला दिसला नव्हता असं नाही. तिला वाटलं, तेवढाच जरा फिका छापलाय. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, “तूच कर बाई, मला नाही जमत हे.”

या शेवटच्या वाक्याने मला लिहायला बसवलं. चाळीस वर्षं शाळेचे हिशेब बघितलेल्या बाईला एका केशरी शब्दामुळे स्वतःचंच काहीतरी चुकतंय असं वाटलं. चूक तिची नव्हती.

मंडळाचं नाव घेत नाही, कारण ती साइट अपवाद नाही. आयर्लंडमधल्या आपल्या लोकांच्या साइट्सना केशरी-पांढरा-हिरवा हा मोह होतोच. साहजिक आहे, दोन्ही देशांचे झेंडे त्याच तीन रंगांचे. पण झेंडा लांबून ओळखायचा असतो आणि अक्षरं जवळून वाचायची असतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजायची एक पट्टी आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या मधल्या पातळीला साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतात. आता निकाल बघा. आपल्या तिरंग्यातला केशरी स्क्रीनवर सहसा ज्या आकड्यांनी देतात (लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) त्याला पांढऱ्यावर मिळतात जेमतेम २.१. आयरिश झेंड्यातल्या नारिंगीला २.४. आयरिश हिरवा (२२, १५५, ९८) ३.६ वर नापास. आणि आपला भारतीय हिरवा (१९, १३६, ८) ४.६ घेऊन काठावर पास!

अर्थात पास होणं म्हणजे दुवा ओळखू येणं नव्हे. माझा एक मित्र जन्मापासून लाल-हिरव्यात गोंधळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारांत एकाला असं असतं, आणि आपल्याकडेही ते काही दुर्मीळ नाही. त्याला ही साइट दाखवली. मेन्यूत आपण ज्या पानावर असतो ते नाव गडद हिरवं होतं, बाकीची नावं किरमिजी. मला तो फरक चटकन दिसतो. त्याने विचारलं, “यातलं चालू पान कुठलंय?” त्याच्यासाठी सगळी नावं एकाच मातकट रंगाची होती. रंग हीच एकमेव खूण ठेवू नका, हा निकष डब्ल्यूसीएजीच्या सगळ्यात खालच्या पातळीवर आहे. म्हणजे ही चैन नाही, किमान अट आहे.

तुम्ही म्हणाल, डब्लिनच्या ट्रामच्या दोन मार्गांची नावंच लाल आणि हिरवा आहेत, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. खरंय, लुआसने २००४ मध्ये नेमकी हीच जोडी निवडली. पण तिथे माझा मित्र रंग बघून चढतच नाही. डब्यावर टाला किंवा सँडीफोर्ड असं लिहिलेलं असतं, आत थांब्याचं नाव पुकारतात. रंग चुकला तरी शब्द सांभाळून घेतो. त्याहून चांगलं उदाहरण रस्त्यावरच्या पाट्यांचं आहे. गावाचं आयरिश नाव वर, तिरक्या अक्षरांत. इंग्रजी नाव खाली, सरळ मोठ्या अक्षरांत. राष्ट्रीय महामार्गाच्या हिरव्या पाटीवर दोन्ही नावं पांढरीच. कुठली भाषा कुठली, हे अक्षराच्या आकारावरून कळतं. रंगाला त्या कामाला लावलेलंच नाही. पाऊस असो, धुकं असो, ती पाटी वाचता येते.

वेबवरही आधी आकारच होता. १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट संगणकाच्या करड्या पडद्यावर. रंगाचा प्रश्नच नव्हता, दुव्याखाली रेघ असायची. तो ओळखीचा निळा मोझेइकबरोबर १९९३ च्या सुमारास आला. म्हणजे रेघ मूळची, रंग नंतरचा. पुढच्या तीस वर्षांत डिझाइनवाल्यांनी मूळचं काढून टाकलं आणि नंतरचं ठेवलं.

आता एक गोष्ट मराठी डिझाइनवाल्यांच्या बाजूने बोलायला हवी, कारण इंग्रजीतले सल्ले ती कधी विचारात घेत नाहीत. ‘रेघ द्या’ म्हणणं रोमन लिपीत सोपं आहे. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर एक रेघ असतेच. खाली दुसरी आली की शब्द रुळांत अडकल्यासारखा दिसतो. त्यात उकार! ‘कुटुंब’, ‘सुरुवात’, ‘पूर्वसूचना’ हे शब्द अधोरेखित करून बघा. रेघ थेट उकारातून जाते, ऱ्हस्व की दीर्घ कळत नाही. हल्लीचे ब्राउझर उकाराजवळ रेघ आपोआप तोडतात, पण मग उरतात ते रेघेचे तुकडे. कुणालाही वाटेल, नकोच ती. मीही एकेकाळी काढली आहे.

पण उपाय आहे, आणि तो अवघड नाही. रेघ अक्षरापासून किती खाली न्यायची आणि किती जाड ठेवायची, हे सीएसएसमध्ये सांगता येतं. सगळ्या मोठ्या ब्राउझरांना ते आता कळतं. रेघ उकाराच्या खाली नेली, पातळ ठेवली की शब्द मोकळा होतो. मात्र ओळींमधलं अंतरही वाढवावं लागतं, नाहीतर रेघ खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन टेकते. बहुतेकांचं इथेच फसतं: इंग्रजी साइटचा साचा उचलतात, ओळींचं अंतर तसंच ठेवतात आणि मग म्हणतात मराठीत रेघ वाईट दिसते.

रेघ नसेलच द्यायची, तर निदान विकिपीडियासारखा हिशेब करा. मराठी विकिपीडिया वाचणाऱ्यांना निळा दुवा आणि (पान अजून लिहिलेलंच नाही हे सांगणारा) लाल दुवा दोन्ही माहीत आहेत. विकिपीडियाच्या जुन्या रूपातला गडद निळा पांढऱ्यावर उत्तम उठायचा, ८.५ च्या आसपास. पण तो शेजारच्या काळ्या मजकुराच्या इतका जवळचा होता की त्या दोघांतला फरक २ सुद्धा भरत नव्हता. व्हेक्टर २०२२ या नव्या रूपात निळा मुद्दाम फिका केला. पांढऱ्यावर तो ५.४ वर आला, पण काळ्या मजकुरापासून बरोब्बर ३ इतका लांब गेला. रेघ नसताना किमान ३ चं अंतर असावं, ही रूढ शिफारस आहे. निकष दोन्हीकडून सांभाळावा लागतो: कागदापासून लांब, शाईपासूनही लांब. तरीही मला विचाराल तर परिच्छेदाच्या आत रेघच हवी. बोट वर नेलं की रेघ उमटते, हा इलाज फोनवर फुकट आहे. फोनवर बोट नुसतं वर नेताच येत नाही.

मेन्यूचं वेगळं. तिथे नावं एका ओळीत, वरच्या पट्टीत असतात. ती दाबायची असतात हे जागेवरूनच कळतं. तिथे प्रत्येकाला रेघ दिली तर उलट गचाळ दिसतं. फक्त चालू पानाला जाड अक्षर किंवा खाली एक पट्टी द्या, आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते कळेल अशी कोडमध्ये नोंद करा.

वाचून झालेल्या दुव्यांचा जांभळा तर जवळपास हद्दपारच झालाय. मला त्याचं वाईट वाटतं. २०१० च्या सुमारास लक्षात आलं की दुव्याचं रूप तपासून एखादी साइट तुम्ही आधी काय वाचलंय हे चोरून बघू शकते, म्हणून ब्राउझरांनी बंधन घातलं: वाचलेल्या दुव्याचा फक्त रंग बदलता येईल, बाकी काही नाही. म्हणजे जिथे दुसरी खूण ठेवता येत नाही अशी ही एक जागा, आणि नेमका तिथेच लोक रंग वापरत नाहीत. आमच्याच पॉडकास्टच्या भागांची यादी उघडली. ऐकलेले आणि न ऐकलेले भाग सारखेच. तेव्हा आमच्याही घरात अंधार आहे.

कायदा आपल्या मदतीला येईल असं वाटत असेल तर थोडंसंच. आयर्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून सरकारी संस्थांच्या साइट्सना हे निकष बंधनकारक आहेत, राष्ट्रीय अपंगत्व प्राधिकरण त्यावर लक्ष ठेवतं. जून २०२५ पासून बँका, ऑनलाइन दुकानं वगैरेही आली. स्वयंसेवकांनी रविवारी दुपारी बसून केलेल्या मंडळाच्या साइटकडे कुणी ढुंकून बघणार नाही.

म्हणून मी त्या साइटच्या मुलाला सरळ मेल केली. तो म्हणाला, “ताई, केशरी काढलं तर लोक ओरडतील.” मी म्हटलं, काढू नकोस, वरच्या पट्टीला आणि तोरणाला ठेव. दुव्यांना हिरवा दे आणि खाली रेघ. त्याने आयरिश हिरवा लावून पाठवला. ३.६ चा हिशेब सांगितला, मग त्याने भारतीय हिरवा लावला. मजकूर राखाडीचा काळा केला, तेव्हा तो हिरवा काळ्यापासूनही ४.५ इतका लांब राहिला. आणि ‘इथे’ जाऊन तिथे ‘दिवाळीची नोंदणी करा’ आलं.

मेन्यू अजून हिरवा-किरमिजीच आहे. तो म्हणतो, गणपतीनंतर बघतो.