चार ऋतू आणि दोन छाटण्या : द्राक्षभूमीच्या प्रवासवर्णनाची चिकित्सा

१

द्राक्षभूमीचे प्रवासवर्णन हा प्रवासवाङ्मयाचा एक स्वतंत्र पोटप्रकार आता मानावा लागतो. वाइन चाखीत जगातील द्राक्षप्रदेशांतून हिंडणे, तेथील अन्न जेवणे आणि पेल्यातील रसाचा तेथील मातीशी संबंध जुळविणे, हा या लेखनाचा विषय होय. युरोपीय भाषांत त्याची परंपरा मोठी आहे. ह्यू जॉन्सन यांच्या 'द वर्ल्ड ॲटलस ऑफ वाइन' या ग्रंथाने (१९७१) तर द्राक्षप्रदेश नकाशावर वाचण्याची सवयच वाचकाला लावली. मराठीत हे लेखन नियतकालिकांच्या पर्यटनविषयक पानांतून येऊ लागले असून, नाशिकच्या जोडीने पुणे जिल्ह्यातील नारायणगाव आणि दौंड तालुक्यातील रोटी ही गावेही त्याच्या कक्षेत आली आहेत.

या लेखनाची रचना ठरीव असते. प्रथम माती, मग डोंगराचा उतार, मग तळघरातील पिंपे, मग पेला आणि शेवटी ताट, अशा क्रमाने वर्णन पुढे सरकते. या क्रमामागे एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो : स्थळाचा गुण रसात उतरतो, आणि म्हणून पेला चाखणारा प्रवासी ते स्थळच जाणून घेतो. फ्रेंच भाषेत या कल्पनेला 'तेर्वार' असे नाव आहे. मराठी वाचकाला ती अनोळखी नाही. संगतीने वाण लागत नसला तरी गुण लागतो, हे ढवळ्या-पवळ्याची म्हण त्याला केव्हाच सांगून गेली आहे. प्रश्न असा की, शिरूर-दौंडसारख्या प्रदेशात हा सिद्धान्त लावताना वर्णनकार गुण कशाचा लागला म्हणून सांगतो, आणि तो खरोखर कशाचा लागलेला असतो?

२

युरोपातही 'स्थळ' ही निसर्गाने आयती दिलेली वस्तू नव्हती, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पोर्तुगालमधील दोरू खोऱ्याची सीमा १७५६ मध्ये राजसत्तेने आखली, ती व्यापाराच्या नियमनासाठी. फ्रान्समध्ये शँपेन प्रदेशाची हद्द ठरविताना ओब भागातील बागाईतदारांना वगळण्यात आले, तेव्हा १९११ मध्ये तेथे मोठा उद्रेक झाला. शँपेनचे बागाईतदार म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यास त्यांना १९२७ पर्यंत थांबावे लागले. नियंत्रित नामाभिधानाची देशव्यापी फ्रेंच व्यवस्था १९३५ ची आहे. ज्या सीमा आज प्रवाशाला चिरंतन भासतात, त्यांच्या मुळाशी भांडणे, अर्ज आणि कायदे आहेत.

मातीच्या शुद्धतेची गोष्टही अशीच. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम बांधण्याचा. म्हणजे बोर्दोच्या मातीत गेलेले मूळ बहुतांशी परदेशी आहे. दख्खनमध्येही पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी द्राक्षबागाईतदारांनी अमेरिकन कुळातील 'डॉगरिज' खुंट स्वीकारला. मूळ एका देशाचे, डोळा दुसऱ्याचा आणि पाणी तिसरीकडून आणलेले, अशी द्राक्षवेलीची आधुनिक कहाणी आहे. मातीचा महिमा गाणारे वर्णन ही कहाणी वगळते. त्यामुळे त्यातील माती काव्यात्म होते. परंतु ती खरी राहत नाही.

३

पुणे जिल्ह्यातील वाइनचा इतिहास नावांच्या इतिहासातून चांगला वाचता येतो. शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइन तयार केली. परदेशी बाजारात तिचे नाव 'ओमर खय्याम' होते आणि देशी बाजारात 'मार्क्विस द पाँपादूर'. एकात फारसी कवी, दुसऱ्यात फ्रेंच दरबार. जुन्नर तालुका दोहोंत नाही. तो उद्योग पुढे बसला. युनायटेड स्पिरिट्स या मद्यउद्योगातील कंपनीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रोटी येथे 'फोर सीझन्स' ही वाइनरी उभारली. पुढे तिचीही मालकी बदलली. रोटी दौंड तालुक्यात असली, तरी वर्णनांतून ही वाइनरी प्रायः 'बारामतीजवळची' म्हणून येते, कारण बारामतीचे नाव दूरवर ठाऊक आहे. स्थळाचा गुण सांगणाऱ्या वाङ्मयाने स्थळाचे नावच सोयीने बदलावे, ही विसंगती लहान नव्हे.

'चार ऋतू' हे नाव तर समीक्षकाने थांबून पाहावे असे आहे. चार ऋतू ही युरोपची गणना. संस्कृत परंपरा सहा ऋतू मोजते, आणि दौंडचा शेतकरी उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तीन. याच वाइनरीच्या एका वाइनचे नाव 'ऋतू' असे आहे. शब्द भारतीय, गणना मात्र परकी. द्राक्षवेलीला या तिन्ही गणना लागू पडत नाहीत. समशीतोष्ण देशात वेल हिवाळ्यात निजते आणि वसंतात आपोआप फुटते. दख्खनमध्ये ती निजत नाही. तिला माणूस दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, ती काडी तयार करण्यासाठी. पावसाळा सरताना फळछाटणी होते. तिलाच गोडी छाटणी म्हणतात. छाटण्या दोन, पीक एक. युरोपात द्राक्ष पिकते ते थंडीकडे सरकणाऱ्या दिवसांत. येथे वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये, उन्हाळ्याकडे सरकणाऱ्या दिवसांत उतरविली जातात. येथील रसातील आम्लता, साखर आणि तोडणीची घाई यांचे बरेचसे स्पष्टीकरण या उलट्या दिनमानात आहे. 'येथील कातळाची चव जिभेवर रेंगाळते' असे लिहिणाऱ्याने छाटणीचा महिना सांगितला नाही, तर त्याने परिणाम सांगून कारण लपविले असे म्हणावे लागेल.

दुसरे कारण पाण्याचे. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतील तालुके. पाऊस वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे. 'घोडनदी' हे त्याचे जुने नाव त्याचीच साक्ष देते. दौंड भीमेच्या काठी. तथापि शेतीचे भवितव्य नदीपेक्षा कालव्यावर ठरते. शिरूरच्या काही भागाला चासकमानचे पाणी मिळते. पाबळ-कान्हूरकडचा टापू मात्र दीर्घकाळ कोरडवाहू राहिला. दौंडला मुठेचा उजवा कालवा खडकवासल्याहून पाणी आणतो, आणि दक्षिणेकडील कोरड्या गावांसाठी जनाई-शिरसाई उपसा योजना त्याच पाण्यावर विसंबून आहे. ज्या गावाला आवर्तन मिळाले तेथे ऊस उभा राहिला; जेथे मिळाले नाही तेथे ज्वारी-बाजरी राहिली. ठिबकावरची द्राक्षबाग उसाच्या मानाने थोडक्या पाण्यात भागविते, हे तिच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. परंतु पुण्याहून दोन दिवसांसाठी रोटीला येणारा प्रवासी घरी ज्या धरणाचे पाणी पितो, त्याच धरणाच्या आवर्तनाची वाट हा तालुका पाहत असतो, ही गोष्ट द्राक्षभूमीच्या वर्णनात कधी येत नाही. ती आली असती, तर प्रवासी आणि स्थळ यांच्यातील खरे नाते एका वाक्यात उघडे झाले असते.

४

आता ताटाकडे वळू. या वाङ्मयप्रकारात अन्न हे वाइनचे उपग्रह असते : अमुक पेल्याबरोबर अमुक पदार्थ. चीज, ऑलिव्ह आणि भाजलेले मांस यांची यादी येथेही येते. फार तर तिला तंदुरी पदार्थांची जोड मिळते. परंतु द्राक्षतोडणीच्याच दिवसांत, पौष-माघात, शिरूर-दौंडच्या रानांतून दुसरा एक सोहळा चालू असतो, तो हुरड्याचा. ज्वारीचे कणीस चिकात असते ते दिवस मोजके. आगटीत गोवऱ्यांच्या आरावर कणसे भाजतात, हातावर चोळून दाणे काढतात, आणि शेंगाचटणी, गूळ, दही यांच्या संगतीने ते गरम गरम खाल्ले जातात. सुरती आणि गूळभेंडी यांतला फरक जाणत्याला एका घासात कळतो. आठ दिवस उशीर झाला, तर दाणा निबर होतो.

येथे वाण आहे, माती आहे, नेमका काळ आहे, भाजणाऱ्या हाताचे कसब आहे, आणि चवीचा सूक्ष्म भेद सांगणारी भाषाही आहे. तेर्वार म्हणून ज्याचा गौरव होतो, ते सर्व हुरड्यात पूर्वीपासून नांदते आहे. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मराठीत वाइनचे वर्णन करणाऱ्याला चवीची परिभाषा उसनी आणण्याचे फारसे कारण नाही. तुरट, आंबूस, मधुर, खरपूस, कोवळे, निबर, उग्र, मंद हे शब्द घरात असताना 'लाल फळांचा गंध' आणि 'चर्मगंध' यांची भाषांतरे ओळीने मांडणे हा आळस होय. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. एका बाजूस वाइन आणि दुसऱ्या बाजूस हुरडा एकाच महिन्यात, एकाच शिवारात असताना वर्णनकाराला त्यांपैकी एकच दिसतो. म्हणजे तो स्थळ पाहण्यास आलेला नसून, आधी वाचलेले स्थळ पडताळण्यास आला आहे.

५

अन्न आणि प्रवास यांतून प्रदेश जाणण्याची या भागातील सर्वांत जुनी रीत वाइनची नव्हेच. तुकाराम महाराजांची पालखी दरसाल दौंड तालुक्यातून जाते. यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. वरवंडचा मुक्काम, मग पाटस आणि मग रोटीचा घाट. घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. ज्या गावाच्या नावावर वाइनरी उभी राहिली, त्याच गावाच्या घाटातून ही वाट जाते. ज्येष्ठाच्या उत्तरार्धात पालखी येते तेव्हा वेलीवर फळ नसते. नुसती काडी पोसत असते. फळ येते तेव्हा रस्त्यावर दिंडी नसते. दोन प्रवास एका जागी असूनही पंचांग त्यांची गाठ पडू देत नाही.

या दोहोंची तुलना नीतीच्या अंगाने करण्याचे कारण नाही; ती रचनेच्या अंगाने करता येते. वारीत आलेल्याला गाव वाढते, म्हणून वर्णनात वाढणारा अपरिहार्यपणे येतो. वाइनच्या सहलीत पाहुणा मोल देऊन चाखतो, म्हणून वाढणारा, छाटणारा, तोडणारा वर्णनातून गळू शकतो आणि गळतोही. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे बळ याच ठिकाणी आहे. १८५७ च्या धामधुमीत सापडलेला हा प्रवासी आपण कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने निघालो हे दडवीत नाही. त्यामुळे त्याच्या लेखनात अन्न, पैसा आणि माणसे एकमेकांना धरून राहतात. द्राक्षभूमीचा प्रवासी आपला हेतू 'अनुभव' या शब्दाखाली झाकतो.

दारूविषयीच्या मौनाचाही येथेच विचार केला पाहिजे. मराठी रंगभूमीने मद्याचा प्रश्न खाडिलकरांच्या 'विद्याहरण'मध्ये (१९१३) आणि त्यानंतर गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये पूर्ण गांभीर्याने मांडला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने त्याला शासकीय रूप दिले. २००१ मध्ये वाइनला उत्तेजन देणारे राज्याचे धोरण आले, ते 'द्राक्ष प्रक्रिया उद्योगा'चे म्हणून. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शिरूरलगतच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. वाइन ही दारू की शेतमाल, हा वाद या प्रदेशाच्या उंबरठ्यावर जिवंत राहिला आहे. वर्णनकाराने त्यात पक्ष घ्यावा असे नाही. पण वाद ठाऊकच नसल्यासारखे लिहिणे म्हणजे सिंधूच्या भाषेत सुधाकराचा पेला रंगविणे होय. त्यात ना सिंधूचे दुःख उरते, ना पेल्याचे सत्य.

६

यावर असा आक्षेप घेता येईल की, विरंगुळ्याच्या लेखनावर हा सारा भार टाकणे अन्यायाचे आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याला कालव्याचे आवर्तन आणि कायद्याचा इतिहास कोठून ठाऊक असणार? आक्षेप इतर प्रवासवर्णनांपुरता मान्य करता येईल. गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) किंवा पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) प्रवाशाच्या मनाचे चित्र देतात आणि तेवढ्यावर यशस्वी ठरतात. स्थळाचे संपूर्ण ज्ञान झाल्याचा त्यांचा दावा नाही. द्राक्षभूमीचे वर्णन मात्र, पेल्यात स्थळ आहे, असे स्वतःहून म्हणते. त्याला त्याच्याच प्रतिज्ञेने मोजणे हा अन्याय ठरत नाही.

त्या मापाने पाहता, रोटीविषयीचे चांगले वर्णन अद्याप लिहिले जावयाचे आहे असे म्हटले पाहिजे. त्याची सामग्री दुर्मिळ नाही. खरड छाटणीच्या उन्हात बागेत उभे राहिल्यास, आवर्तन कधी सुटणार याची पाटसच्या बाजारात चौकशी केल्यास, माघात आगटीभोवती बसल्यास आणि ज्येष्ठात घाटावर बैलजोडी बदलताना पाहिल्यास ती हाती येते. एवढे करूनही पेल्यातील रस कदाचित तोच लागेल. परंतु तो कोणाच्या पाण्यावर पिकला आणि कोणाच्या हाताने उतरला, हे लिहिणाऱ्याला सांगता येईल. आणि मग 'येथील मातीचा गुण' हे शब्द लिहिण्याचा अधिकार त्याला प्राप्त होईल.