मोगऱ्यातला खर्ज

वैशाखात परसातली बाकीची झाडे ऊन सोसत उभी असतात, तेव्हा मोगरा भरात येतो. त्याचे कौतुक करताना पहिला शब्द ठरलेला: शुभ्र. त्यामागोमाग सात्त्विक आणि सोज्वळ येतात. देवाला चालतो, नवरीच्या केसांत शोभतो, माठातल्या पाण्यात वाळ्याशेजारी तरंगतो. तेव्हा फूल साधेभोळे असणार, असे आपण धरून चालतो. मला हे मोगऱ्याचे अर्धेच वाचन वाटते. ते डोळ्यांनी झाले. नाकाने व्हायचे राहिले.

अर्थात डोळ्यांसाठीही पुष्कळ आहे. साध्या मोगऱ्याची एक डहाळी निरखून पाहावी. पाने समोरासमोर, जोडीजोडीने. शेंड्याला बहुधा तीन कळ्या. त्यांतली मधली आधी फुगते, कडेच्या दोघी मागे राहतात, म्हणून एकच डहाळी दोन-तीन संध्याकाळी पुरते. कळीच्या बुडाशी केसाएवढी बारीक हिरवी निदले असतात. गजरा ओवताना ती दिसेनाशी होतात आणि कळीची अर्धी शोभा जाते. बटमोगऱ्यात पाकळ्यांची इतकी दाटी की कळी वाटोळी, ठसठशीत होते. मदनबाणाची लांब आणि टोकदार. बटमोगऱ्याचा थाट मोठा खरा, पण माझा कौल साध्यालाच. त्याच्या पाकळ्या मोजता येतात आणि खालची नाजूक नळीही दिसते.

हा बहर आपसूक येत नाही. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. म्हणून जाणता माणूस थंडीत त्याचे पाणी तोडतो, पाने झडू देतो, फांद्या छाटतो, आणि मग शेणखत घालून पाणी सोडतो. तोडल्याने फुलणे थांबत नाही, उलट वाढते. ज्ञानदेवांच्या प्रसिद्ध अभंगातला मोगराही असाच, फुले वेचता वेचता बहरणारा आहे. अध्यात्म बाजूला ठेवले तरी त्यातले बागकाम खरे उतरते.

आता वास. दुपारी मिटलेली कळी हुंगली तर हाती फारसे काही लागत नाही. दिवेलागणीला ती उलगडू लागते आणि उलगडता उलगडताच वास तयार होतो. गुलाब तोडला की त्याचा सुगंध ओसरू लागतो. मोगरा खुडल्यावरही रात्रभर वास देत राहतो. सगळी गजऱ्याची कला या एका गुणावर उभी आहे. पालघरकडच्या विक्रमगड-जव्हार भागातून दादरच्या फुलबाजारात येतात त्या कळ्या. गजरा फुलतो तो अंबाड्यावर. चीनमधल्या फूच्यानचे चहावाले दिवसा खुडलेल्या कळ्या रात्री चहाच्या पानांत मिसळतात, आणि आपल्याकडे तिळांत फुले मुरवून सुगंधी तेल काढत आले, तेही याच गुणाच्या भरवशावर.

पण या वासात आहे काय? वरचा थर गोड, फळासारखा. तो बेन्झिल ॲसिटेटचा. त्याच्याशी लिनालूल, जे आपल्या धन्यांतही असते. त्याने वासाला ताजेपणा येतो. आणि सगळ्यांच्या तळाशी, अगदी थोडे, इंडोल. हे द्रव्य एकटे आणि दाट असेल तर नाक मुरडावे लागते, कारण कुजणाऱ्या पदार्थांत, अगदी विष्ठेतही, ते सापडते. मोगऱ्यात मात्र तेच खर्ज लावते. वरचे गोड सूर त्याच्यावर उभे राहतात, म्हणून भरतात. तो काढून घेतला की काय उरते, हे स्वस्त उदबत्ती लावून पाहावे: गोडवा सगळा आहे, पण अंग नाही.

हा खर्ज ओळखीचा झाला की पांढऱ्या रंगाचाही अर्थ बदलतो. अंधारात उडणाऱ्या पतंगांना तांबडा-जांभळा रंग काय कामाचा? त्यांना पांढरे दिसते आणि वास लांबून कळतो. म्हणजे ही शुभ्रता विरक्तीची नव्हे, बोलावण्याची आहे. गंमत अशी की आपल्या बागेतल्या मोगऱ्याला फळ क्वचितच धरते. घरोघरचा मोगरा कुणाच्या तरी अंगणातली फांदी आणून लावलेला असतो. फलप्राप्तीशी नाते सुटले तरी बोलावणे तितकेच उत्कट राहिले, आणि ते ऐकायला आता आपण आहोत.

दुसऱ्या दिवशी फूल जांभळट पडते. बहुतेक जण ते केरात टाकतात. टाकण्याआधी एकदा हुंगावे. वरचा गोडवा विरलेला असतो, खालचे जडपण उघडे पडलेले असते. काल रात्री आपण ज्याला नुसता सुगंध म्हटले, त्याचा पाया इथे कळतो. शृंगाराला आणि पूजेला एकच फूल कसे चालते, याचेही उत्तर मला इथेच मिळते: मोगऱ्यात देहाचा वास आहे आणि तो त्याने लपवलेला नाही. त्याला सोज्वळ जरूर म्हणावे, पण हे सोज्वळपण देह वगळून आलेले नाही.