गार: शब्द आणि खडा

मराठीत ‘गार’ म्हणजे थंड. गार म्हणजे आभाळातून पडणारा बर्फाचा खडा. आणि चकमकीने ठिणगी पाडायला जो गारगोटीच्या जातीचा दगड लागतो, तोही गारच. थंडावा, बर्फ आणि ठिणगीचा दगड दोन अक्षरांत मावले आहेत. विदर्भातल्या तिवशाच्या शिवारात माघ-फाल्गुनात जे कोसळते, ते या तिन्ही अर्थांनी वाचल्याशिवाय पुरते कळत नाही, असे मला वाटते.

हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात, गहू ओंबीवर असतो. संत्र्याच्या बागेत मृग बहाराची फळे तोडणीला आलेली आणि आंबिया बहाराची फुले नुकती उमललेली. पहाटे हिव असते. मग एखाद्या दिवशी बंगालच्या उपसागराकडचा दमट वारा वर्धा नदी ओलांडून येतो. त्याच वेळी उत्तरेत पश्चिमी विक्षोभ सरकत असतो आणि त्याच्या शेपटीची कोरडी, थंड हवा वरच्या थरात वऱ्हाडापर्यंत उतरते. खाली ओल, वर गारठा. दुपार कलली की ढग उभा वाढू लागतो. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते, म्हणून वरचा बर्फ खाली येईतो विरघळतो. थंडीच्या दिवसांत ती पातळी खाली असते, आणि बर्फ बर्फ म्हणूनच वावरात पोचतो.

हा ढग ओळखणारी माणसे आपल्याकडे होती. गारपगारी हा समाज विदर्भात आजही आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली छापलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. गावाच्या पिकावरची गार परतवणे हे त्यांचे काम आणि त्यासाठी गावाकडून मिळणारे धान्य हा त्यांचा मोबदला. आभाळ तांबूस-काळे, जाळ आणि धूर मिसळल्यासारखे दिसले की गारपगारी तलवार घेऊन मारुतीसमोर उभा राही आणि ढग पांगवण्याची विनवणी करी. मंत्राने गार थांबत नाही. पण त्या माणसाने आभाळाचा रंग वर्षानुवर्षे किती बारकाईने पाहिला असेल! अख्ख्या गावाची ज्वारी त्याच्या नजरेवर टांगलेली होती.

आता खडा वाचू. गार मधोमध कापली की आत कांद्यासारखी वलये दिसतात, काही काचेसारखी पारदर्शक, काही दुधाळ. ढगात उणे दहा-वीस अंशांतही न गोठलेले पाण्याचे थेंब तरंगत असतात. वर चढणारा वारा गारेला तोलून धरतो आणि हे थेंब तिच्यावर आदळून गोठतात. थेंब भरपूर असले की पाणी पसरून सावकाश गोठते, हवेला निसटायला वेळ मिळतो आणि वलय नितळ होते. थेंब कमी आणि गारठा जास्त असला की ते जागच्या जागी गोठते, हवेचे बुडबुडे अडकतात, वलय पांढरे पडते. म्हणजे ढगाच्या पोटात कुठे किती पाणी होते, ते खड्यावर लिहिलेले असते.

मला सर्वांत थक्क करते ते पुढचे. त्याच पोटात गारांचे कोवळे, मऊ दाणे आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आपटतात. या टकरीत विजेचा भार वेगळा होतो, हलके स्फटिक तो घेऊन वर जातात, जड दाणे उलटा भार घेऊन खाली राहतात आणि मग वीज कडाडते. गारेवर चकमक आपटून ठिणगी काढणाऱ्या माणसांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी शब्द बरोबर बसला आहे.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर ऐन हिवाळ्यात, बर्फ पडतानाही विजा कडाडतात. तिथले कोळी त्या गडगडाटाला बुरी माशाला जागवणारा म्हणतात, कारण त्याच सुमारास जाळ्यात मासा भरतो. आपला शब्द ‘गारपीट’. त्यातले ‘पीट’ पिटण्याचे आहे, झोडपण्याचे आहे. त्यांच्या शब्दात आस आहे, आपल्या शब्दात मार, आणि आपला शब्द खरा आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा 11 फेब्रुवारी 2018 ला विदर्भ-मराठवाड्याने तो अंगावर घेतला. त्या मोसमात संत्र्याला लागलेला एक मार दोन पिकांवर बसतो, हातातल्या आणि येणाऱ्या.

गार मोजायची आपली मापेही पाहण्यासारखी आहेत: बोराएवढी, आवळ्याएवढी, लिंबाएवढी. बोर आणि आवळा थंडीतले, लिंबू बारमाही; तिन्ही फळे त्या वेळी हाताशी असलेली. माप सांगतानाही शेतकरी आपल्या हंगामातून बाहेर जात नाही.

वावधन थांबले की बांधावर पांढरा थर उरतो. त्याने थंड झालेल्या ओल्या हवेतून गुडघाभर धुके उठते आणि त्यात ठेचलेल्या संत्र्याच्या पानांचा वास असतो. इतका सुंदर वास इतक्या वाईट वेळी यावा, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

पुढच्या वेळी गारा थांबल्यावर, नुकसानीचे फोटो काढून झाले की, एक मोठी गार उचला. फडक्यात धरून मधोमध कापा, उजेडासमोर धरून वलये मोजा आणि तारीख, वेळ, गाव वहीत लिहून ठेवा. हे सारे ती हातात विरघळायच्या आत करावे लागेल.