चालत्या संगीताचे परीक्षण

संगीताचे परीक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. पुढे गवई, त्याच्या पाठीशी तंबोरे, समोर बैठक जमवून बसलेले श्रोते, आणि त्यांतच कोठेतरी टिपणवही घेतलेला परीक्षक. पाश्चात्त्यांकडे बैठकीच्या जागी खुर्ची आणि मधल्या दादेच्या जागी अखेरच्या टाळ्या, इतकाच काय तो भेद. परंतु जेथे वादक बसत नाही, श्रोताही बसत नाही, आणि दोघे मिळून एकाच दिशेने चालू लागतात, तेथे परीक्षकाने उभे कोठे राहावे? लंडनमधील नॉटिंग हिल ह्या भागात दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस जो उत्सव भरतो, त्याविषयी लिहिताना हीच अडचण प्रथम पुढे येते. आणि बहुतेक लेखक तिला वळसा घालून निघून जातात असा आमचा अनुभव आहे.

ऑगस्टमधील शेवटचा सोमवार हा इंग्लंडात सार्वजनिक सुटीचा दिवस. तो आणि त्याच्या आधीचा रविवार असे दोन दिवस लॅडब्रोक ग्रोव्ह, वेस्टबोर्न ग्रोव्ह व आसपासच्या रस्त्यांवर वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या लोकांचा, त्यांच्या मुलानातवंडांचा कार्निव्हल चालतो. कॅलिप्सो, सोका, रेगे आणि पोलादी पिंपांचे पॅन हे त्याचे मुख्य संगीत. ब्राझीलचा सांबा वाजविणारी पथकेही मिरवणुकीत असतात. तिकीट नाही, फाटक नाही. दोन दिवसांत दहा लाखांहून अधिक माणसे लोटतात असा अंदाज नेहमी सांगितला जातो. गोमंतकातील इंत्रुज ज्यांनी पाहिला आहे त्यांस कार्निव्हल हा शब्द नवा नाही. मात्र तो, त्रिनिदादमधील मूळ उत्सवाप्रमाणे, ख्रिस्ती उपवासकाळाच्या तोंडावर येतो. लंडनकरांनी हवामान पाहून तो ऑगस्टात आणला, आणि त्या सरशी त्याचा पंचांगाशी असलेला धागा तुटला.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे काय छापतात? अटका किती झाल्या, पोलीस किती होते, केर किती गोळा झाला. संगीत कसे झाले, कोणते पथक सरस ठरले, कोणाची लय ढिली पडली, ह्याविषयी अवाक्षर नाही. एखाद्या गायकाच्या मैफलीचा वृत्तांत द्यावयाचा आणि त्यात केवळ दारावरच्या गर्दीचे वर्णन करावयाचे, अशातला हा प्रकार होय. ज्या कलेचे परीक्षण होत नाही तिची बाजू घेणाराही कोणी उरत नाही. म्हणून ही उपेक्षा आम्हांस किरकोळ वाटत नाही.

ह्या संगीताचा कणा म्हणजे पॅन. त्याची जन्मकथा मनाईहुकमांची आहे. १८३८ मध्ये त्रिनिदादमधील गुलाम पूर्णपणे मुक्त झाले आणि फ्रेंच मळेवाल्यांचा कार्निव्हल त्यांनी आपलासा केला. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर मशाली व काठ्या घेतलेल्या मिरवणुकीची पोलिसांशी मोठी चकमक झाली, आणि थोड्याच वर्षांत सरकारने ढोलांवर निर्बंध घातले. ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबूची लहानमोठी कांडी तोडून ती जमिनीवर आपटीत ताल धरला. पुढे १९३० नंतरच्या दशकात बांबूची जागा बिस्किटांच्या डब्यांनी, रंगाच्या डब्यांनी, मोटारींच्या टाकाऊ भागांनी घेतली. आणि ठोकता ठोकता कोणाच्या तरी ध्यानात आले की पोचा पडलेल्या पत्र्यातून निरनिराळे स्वर निघतात. त्रिनिदाद हे खनिज तेलाचे बेट. तेलाच्या रिकाम्या पिंपांना तेथे तोटा नव्हता.

पिंपाचा तळ घणाने ठोकून परातीसारखा खोल करावयाचा, त्यावर स्वरांची घरे आखावयाची, पिंप विस्तवावर तापवावयाचे, आणि मग आपल्याकडील तांबट ज्या सबुरीने भांडे ठोकतो त्या सबुरीने एकेक घर आतून व बाहेरून ठोकीत स्वरात आणावयाचे, अशी ही कारागिरी. उंच स्वरांसाठी पिंप आखूड कापतात. खर्जासाठी ते सबंध ठेवतात, आणि एकेका वादकाभोवती अशी सहा-सहा पिंपे मांडलेली असतात. काडीच्या टोकाला रबर असते. आघात होताच स्वर फुलासारखा उघडतो आणि तितक्याच लवकर विरतो. मींड येथे संभवत नाही. लांबवावयाचा स्वर काड्यांच्या थरथरीने लांबवावा लागतो. मींड नसलेल्या वाद्याविषयी आपल्या कानांत एक अढी असते, आणि ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एकट्या पॅनवरून पॅनची पारख करणे म्हणजे एका टाळकऱ्यावरून भजनाची पारख करण्यासारखे आहे. त्याचे खरे रूप समुदायात आहे. चाळीस-पन्नास वादकांच्या हातून खर्जापासून तारापर्यंत एकच चाल उठते, तेव्हा ती कानांवर न येता पायांखालून येते असे वाटू लागते.

हे वाद्य लंडनला पोचले ते १९५१ मध्ये. ब्रिटनच्या महोत्सवासाठी त्रिनिदादहून निवडक वादकांचे पथक आले. जोसेफ ग्रिफिथ ह्या बँडमास्तरांनी त्यासाठी सर्व बारा स्वर असलेली पॅन तयार करून घेतली होती. त्यांतील स्टर्लिंग बेटनकोर्ट हा वादक इंग्लंडातच राहिला. त्याच्याही आधी, जून १९४८ मध्ये, ‘एम्पायर विंड्रश’ जहाजावरून लॉर्ड किचनर हे टोपणनाव घेतलेला कॅलिप्सोगायक उतरला होता. (कॅलिप्सोवाल्यांना सरदारक्या लावून घेण्याची मोठी हौस, राजाने दिल्या नाहीत तर आपणच घ्याव्यात!) दहा वर्षांनी, १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळक्यांनी ह्या नव्या रहिवाशांवर हल्ले केले. त्यावर उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स ह्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जन्मलेल्या पत्रकर्त्या बाईंनी ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरविला. बाहेर लंडनची थंडी असल्यामुळे तो छपराखालीच होणार होता. स्मरणिकेच्या विक्रीतील काही भाग दंगलीत दंड झालेल्या काळ्या व गोऱ्या तरुणांचे दंड भरण्यासाठी ठेवला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आम्हांस ती फार मोलाची वाटते.

रस्त्यावरचा उत्सव मात्र १९६६ चा. रॉन लॅस्लेट ह्या स्थानिक कार्यकर्त्या बाईंनी मुलांसाठी जत्रा भरविली, तीत रसेल हेंडरसन ह्यांना पॅन वाजविण्यास बोलाविले. हेंडरसन, बेटनकोर्ट आणि त्यांचे सोबती पॅन गळ्यात अडकवून आले. एका जागी वाजवून रंग भरेना, तेव्हा ते वाजवीत चालू लागले. मार्ग ठरलेला नव्हता. लोक मागे लागले. उत्सवाची जननी जोन्सबाई की लॅस्लेटबाई, ह्यावर तेथे अजून कडाक्याचा वाद होतो. इतिहास म्हणून दोघींचा मान दोघींस द्यावा. परंतु संगीत म्हणून पाहावयाचे तर ह्या उत्सवाचा जन्म त्या न ठरविलेल्या चालण्यात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे म्हणण्यास कारण आहे. ह्याच बेटांचे संगीत लंडनमध्ये त्यापूर्वी लोकप्रिय नव्हते असे नाही. पोर्ट ऑफ स्पेनमध्येच १९१० साली जन्मलेला एडमुंडो रॉस लंडनच्या उंची नृत्यगृहांत रुंबा-सांबा वाजवून धनिकांना नाचवीत होता. त्याची एक चाल समुद्र ओलांडून मुंबईस आली आणि रामचंद्र चितळकरांच्या हातून १९५० च्या ‘समाधी’ चित्रपटातील गाणे होऊन घरोघर पोचली. तेव्हा मराठी कानांस ह्या संगीताची ओळखच नाही असे समजू नये. पण ती ओळख कशाची? गुळगुळीत केलेल्या, तीन मिनिटांत बसविलेल्या, नृत्यगृहाच्या फरशीवर घसरणाऱ्या संगीताची. चितळकरांनी त्याचे सोने केले ह्यात शंका नाही. तरी रस्ता त्यातून गळाला होता.

रस्ता गळाला म्हणजे नेमके काय गळाले? कित्येक सुशिक्षित रसिकांचा ह्या संगीतावर आक्षेप असा की ते कंटाळवाणे आहे; एकच ओळ, एकच ठेका, घटकान् घटका. खुर्चीत बसून ऐकणाऱ्याच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. परंतु आषाढात दिंडीबरोबर चार कोस चाललेल्या माणसास विचारा की तोच गजर शेकडो वेळा म्हणताना कंटाळा आला काय! तेथे आवर्तन हे पायांचे आहे. पाऊल पुढे पडत असल्याने तीच ओळ दर वेळी नव्या जागी पडते. वळणावर तिचा नाद बदलतो, पुलाखाली ती दुमदुमते, मोकळ्या चौकात पातळ होते. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तर ‘रोड मार्च’ नावाचा किताबच आहे: त्या वर्षी मिरवणुकीतील पथकांनी जी चाल सर्वांत अधिक वेळा वाजविली असेल ती विजयी. किचनरने तो दहा वेळा तरी जिंकला. रस्त्यानेच दिलेला हा निकाल आम्हांस पुष्कळशा परीक्षकमंडळांच्या निकालांहून अधिक विश्वसनीय वाटतो.

सोका ह्या प्रकाराविषयी भारतीय वाचकांस एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार भारतीय मजूर करारबद्ध होऊन त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर गेले. बहुतेक गंगेच्या खोऱ्यातले, त्यामुळे महाराष्ट्राने ह्यात श्रेय घेण्याचे कारण नाही. त्यांच्या शेजारी वाढलेल्या लॉर्ड शॉर्टी ह्या गायकाने १९७० नंतरच्या काही वर्षांत ढोलक आणि धंताल ह्यांची लय कॅलिप्सोत मिसळून सोका घडविला. लॅडब्रोक ग्रोव्हवरून सोकाची मालमोटार जाते तेव्हा तिच्या ठेक्याखाली कोठेतरी भोजपुरी लग्नघरातील ढोलक वाजत असते.

आता तक्रारीकडे वळतो. १९७३ पासून लेस्ली पामर ह्या संयोजकाने उत्सवाची व्याप्ती वाढविली. तीत रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या ध्वनिक्षेपकांना, तेथील भाषेत ‘साउंड सिस्टिम’ना, स्थान मिळाले. लंडनमध्ये जन्मलेल्या, जमेकाच्या रेगेवर वाढलेल्या तरुणांना त्यामुळे हा उत्सव आपला वाटू लागला, आणि तो त्रिनिदादकरांचा घरगुती समारंभ होऊन राहिला नाही. हा लाभ मोठा आहे. तो नाकारणारे लोक उत्सवाचे हित पाहत नाहीत. परंतु आज अशा भिंती तीसहून अधिक आहेत. पॅनचे पथक त्यांच्यासमोरून जाऊ लागले की वादकांचे हात हललेले दिसतात, ऐकू काहीच येत नाही. पुण्याच्या विसर्जन-मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे सनईची काय गत होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नको. पॅनला शनिवारची संध्याकाळ आणि स्पर्धेचे मैदान राखून ठेवले आहे, हे उत्तर पुरेसे नाही. ज्या वाद्याने हा उत्सव चालावयास शिकविला त्याला आदल्या दिवशी एका जागी उभे करून वाजवावयास लावणे, ह्यात सोय आहे, न्याय नाही.

ह्याहून मोठे संकट बाहेरून येते. १९७६ मध्ये सुमारे ३,००० पोलीस आणून उभे केले गेले आणि उत्सवाची परिणती दंगलीत झाली. तेव्हापासून हा उत्सव हाइड पार्कसारख्या कुंपणाच्या जागी न्यावा, ही सूचना अधूनमधून डोके वर काढते. अलीकडे बंदोबस्तास सुमारे ७,००० पोलीस लागतात. २०२४ मध्ये दोघांचे प्राण गेले. अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी होईल ही भीती पोलीसच नव्हे तर आयोजकही बोलून दाखवितात, आणि २०२५ मध्ये त्यांनी गर्दीच्या सुरक्षिततेसाठी सरकारकडे पैसे मागितले. ही भीती खोटी ठरविणे कलाप्रेमाचे लक्षण नव्हे. जीव जाण्याच्या मोलाने कोणतेही संगीत ऐकण्यास आम्ही तयार नाही. मात्र उद्यानात नेल्याने हाच उत्सव सुरक्षित होईल असे जे समजतात त्यांनी एवढे ओळखावे की तेथे भरेल तो दुसराच उत्सव असेल. कुंपणाच्या आत गेलेला श्रोता उभा राहतो. उभा राहिला की रंगमंचाकडे पाहू लागतो. आणि रंगमंच आला की मागोमाग तिकीट येते. पोशाख घालून नाचणारा आजही आपल्या पोशाखाचे पैसे स्वतः भरतो. पाहणाऱ्याला मात्र सर्व विनामूल्य. हा हिशेब उलटा वाटेल, पण त्यातच उत्सवाची रीत आहे: देणारा तो वाजविणारा. सुरक्षिततेवर खर्च करावयाचा तर तो रस्ता राखण्यासाठी करावा, रस्ता सोडण्यासाठी नव्हे.

उत्सवाच्या हद्दीलगतच ग्रेनफेल टॉवर आहे. जून २०१७ मध्ये त्या इमारतीच्या आगीत ७२ माणसे मेली. तेव्हापासून उत्सवात दुपारी तीन वाजता सर्व वाद्ये थांबतात. दर माणशी एक सेकंद अशा हिशेबाने अलीकडे हे मौन ७२ सेकंदांचे असते. दिवसभराच्या गदारोळात त्या शांततेला जो भार येतो, तो कोणत्याही नाट्यगृहातील शांततेस येत नाही. ते मौन संपताना पहिला स्वर पॅनचा निघावा आणि ध्वनिक्षेपकांनी एवढे गाणे होईपर्यंत थांबावे, असे आम्ही सुचवितो. ह्यास सरकारकडे पैसा मागण्याचेही कारण पडणार नाही.